दक्षिण काठचा पाहुणा

बाई ऐकायला बसल्या की उठत नाहीत, हे त्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. फोन वाजो, कोणी वाढदिवसाचा केक कापो, बाई कानांवर हेडफोन चढवून, डोळे मिटून, एक बोट खूण करायच्या कळीवर ठेवून बसलेल्या असायच्या. म्हणून त्या सकाळी त्या मधेच उठल्या आणि समोरच्या लहानशा खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा आत बसलेला प्रोग्रॅमर काम टाकून उभा राहिला.

"यंत्रोबा, जरा पाणी दे," बाई म्हणाल्या.

त्यानं बाटली दिली. बाई उभ्याउभ्याच पाणी प्यायल्या. झाकण लावून बाटली परत केली.

"हे बघ, मी तुला काही विचारणार नाही आणि तूही काही बोलायचं नाही. नियम तो नियम. पण दक्षिण काठाला काहीतरी आहे."

एवढं बोलून त्या परत गेल्या. काचेतून तो पाहत राहिला. बाईंनी हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यावर असं काही हसू आलं की त्यानं मान फिरवली. दक्षिण काठाला काय आहे हे साऱ्या जगात फक्त त्यालाच ठाऊक होतं, कारण ते त्यानंच तिथं ठेवलं होतं.

प्रोग्रॅमर विज्ञानाच्या संस्थेत नोकरी करत होता, पण तो वैज्ञानिक नव्हता. वैज्ञानिकांना जे प्रश्न पडत ते यंत्राला कळतील अशा भाषेत लिहून द्यायचे आणि यंत्रानं दिलेलं उत्तर माणसांना कळेल असं मांडायचं, हे त्याचं काम. संस्थेतल्या निम्म्या लोकांना ते काम काय आहे हे कधीच समजलं नाही. त्यांच्या लेखी तो प्रिंटर अडकला की बोलवायचा माणूस होता, आणि तोही बिचारा जाऊन कागद ओढून देत असे. बाईंना मात्र त्याच्या कामाची कदर होती. गेली काही वर्षं तो त्यांच्याच कामाला जुंपलेला होता.

बाईंचं काम म्हणजे करवत्या. हा एक लहानसा तपकिरी पाणपक्षी. शहराबाहेरच्या मोठ्या दलदलीत, उंच लव्हाळ्यांच्या आत तो राहायचा, आणि दिसायचा जवळजवळ कधीच नाही. ऐकू यायचा. ओल्या लाकडावर बोथट करवत दोनदा ओढावी तसा त्याचा आवाज. पुढे तोही ऐकू येईनासा झाला. बाईंनी शिकत असताना तो एकदा आपल्या कानांनी ऐकला होता, आणि त्यांच्या सरांनी त्याचं जे एक ध्वनिमुद्रण करून ठेवलं होतं, तेवढंच काय ते उरलं होतं. करवत्या संपला, असं बहुतेकांनी लिहून टाकलं. बाईंनी ते मान्य केलं नाही. त्यांनी दलदलीच्या चारही काठांना खांबांवर रेकॉर्डर बांधले. नावाडी ठरल्या वेळी जाऊन त्यांतली कार्डं काढून आणायचा. अशा एका वेळच्या कार्डांना त्या 'खेप' म्हणत. प्रोग्रॅमरचा प्रोग्रॅम त्या अफाट आवाजातून करवत्याशी थोडंफार साम्य असलेले तुकडे वेचून काढायचा, आणि बाई ते तुकडे एकेक करून ऐकायच्या.

यातला खरा पेच वेगळाच होता. वर्षानुवर्षं जे ऐकू येतच नाही ते ऐकत बसलं की कान कंटाळतो. मग एखाद्या दिवशी खरा आवाज आला तरी तो निसटून जायचा. आणि 'आम्ही ऐकलं, काही नव्हतं' असं म्हटलं तर लोक विचारणार, तुमचा कान जागा होता कशावरून? यावर बाईंनीच उपाय काढला होता. प्रत्येक खेपेत प्रोग्रॅमरनं गुपचूप काही खोटे आवाज पेरायचे. सरांच्या त्या जुन्या मुद्रणातून बनवलेले. त्यांना 'पाहुणे' म्हणायचं. पाहुणे आहेत हे बाईंना माहीत, पण कुठं आणि किती ते माहीत नाही. बाईंनी पाहुणे पकडले म्हणजे कान जागा. खेप ऐकून संपली की प्रोग्रॅमरनं पाहुण्यांना निरोप द्यायचा, म्हणजे खुणा केलेल्या तुकड्यांतून ते काढून टाकायचे, आणि जे उरेल ते खरं. आजवर उरलं काहीच नव्हतं.

"खेप मिटेपर्यंत कोणी विचारलं तरी सांगायचं नाही," पहिल्याच दिवशी बाईंनी बजावलं होतं. "साहेबांनी विचारलं तरी नाही. मी विचारलं तरी नाही. मी रडले तरी नाही."

"तुम्ही कशाला रडाल, बाई?"

"ते तेव्हाचं तेव्हा बघू. तू गप्प राहायचं."

एकदा सांगितलं की ती खेप गेली, हे त्यालाही पटलं होतं. त्या खेपेतला एक पाहुणा कसा आहे हे कळलं की तिच्यातले पुढचे पाहुणे आपोआप ओळखू येणार, मग कान जागा होता की नव्हता हे कोण ठरवणार?

एवढं सगळं व्यवस्थित चाललेलं असताना हे घडलं ते त्याच्या हौसेपायी. मागच्या खेपेच्या शेवटी बाई हसत म्हणाल्या होत्या, "तुझे पाहुणे दारातूनच ओळखू येतात रे. सगळ्यांनी एकाच शिंप्याकडून कपडे शिवून घेतलेले." बोलणं गमतीचं होतं, पण त्याला ते लागलं. या खेपेला त्यानं जीव ओतला. जुन्या मुद्रणातली खरखर काढून आवाज स्वच्छ केला. दोन ओढींमधलं अंतर थोडं वाढवलं. पक्षी लांब आहे, वारा उलटा आहे असं वाटावं म्हणून आवाजाची धार बोथट केली. आणि सगळ्यांत शेवटी, त्या रेकॉर्डरमध्ये ओरडणाऱ्या एका बेडकाच्या आवाजाखाली दुसरी ओढ अर्धी दडवून टाकली. ते जमलं तेव्हा तो स्वतःशीच खूश होऊन चहा प्यायला गेला होता. इतर पाहुणे नेहमीसारखे प्रोग्रॅमनं पेरले. हा एकच त्यानं हातानं घडवला आणि दक्षिण काठाच्या पहाटेत ठेवून दिला.

दुपारी चहाच्या वेळी बाई त्याच्या शेजारी येऊन बसल्या. खेपेबद्दल बोलायचं नाही म्हणता म्हणता त्या बोलल्याच.

"एवढंच सांगते, मग गप्प बसते. दुसरी ओढ बेडकानं खाल्लीय. निम्मीच ऐकू येते. असं कोण मुद्दाम करेल, सांग बरं मला?"

प्रोग्रॅमरनं बिस्किट चहात बुडवलं होतं. ते तुटून तळाला गेलं.

"नको, सांगू नकोस," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "माझंच चुकलं. मी बोलायलाच नको होतं."

खेप मिटायला अजून आठवडा होता. आठवडाभर दम धरायचा, मग पाहुण्यांना निरोप द्यायचा, मग बाईंना कळेल, थोडं वाईट वाटेल, आणि पुढे त्या हसतील. असं त्यानं मनाशी घोळवून पाहिलं. तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं.

संस्थेचे संचालक म्हणजे साहेब. माणूस दिलदार, पण तोंडात तीळ भिजत नसे. बाईंनी त्यांच्या कानावर घातलं होतं, कारण त्यांना नाव हवी होती आणि नावेच्या कागदावर साहेबांची सही लागत असे.

"या, या. गोड बातमी आहे म्हणे आपल्याकडे," साहेब म्हणाले.

"अजून खेप मिटली नाहीये, साहेब."

"मिटेल की. बाईंचा कान आहे तो, काय थट्टा आहे का? मी वरती जरा सूतोवाच करून ठेवलंय. पुढच्या आठवड्यात दोघंतिघं येतील बघायला."

"साहेब, खेप मिटेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असा नियम…"

"नियम तुमच्यासाठी हो. मी कुठं काही ऐकलंय?" साहेब स्वतःच्याच विनोदावर हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, हा त्यांचा शेवटचा हंगाम आहे. यानंतर बाई निवृत्त आणि दलदलीचं कामही बंद. जाता जाता त्यांच्या हाती काही लागत असेल तर तुमच्या-माझ्या पोटात का दुखावं?"

"पण नाव कशाला हवीय त्यांना?"

"ते त्यांनाच विचारा. उद्या दुपारी सगळी यंत्रं उचलून दक्षिण काठाला नेणारेत म्हणे."

प्रोग्रॅमर जिना उतरून खाली आला, तो आपल्या मजल्यावर न थांबता तळमजल्यापर्यंत उतरला आणि मग पुन्हा वर चढला. त्याला वाटलं होतं की गोष्ट फक्त वाईट वाटण्याची आहे. ती तशी राहिली नव्हती. करवत्या ओरडतो ते जोडी जमवण्याच्या दिवसांत, आणि ते दिवस आता सरत आले होते. या उरलेल्या दिवसांत सगळे रेकॉर्डर दक्षिण काठाला गेले, तर बाकीच्या तिन्ही काठांवर ऐकायला कोणी उरणार नव्हतं. समजा पक्षी असलाच, पूर्वेच्या ओढ्याजवळ किंवा उत्तरेच्या दाट लव्हाळ्यांत, तर तो रिकाम्या काठावर ओरडणार. आणि इकडे बाई, सगळी यंत्रं गोळा करून, एका प्रोग्रॅमरनं बेडकाखाली दडवलेल्या आवाजाची वाट बघत बसणार.

सांगावं, तर खेप बुडाली, आणि ती शेवटच्या काही खेपांपैकी एक. न सांगावं, तर हंगामच बुडाला. शिवाय सांगू नकोस असं खुद्द बाईंनीच बजावलेलं. साहेबांना एकट्याला सांगावं म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत ते मुख्य दाराच्या पहारेकऱ्यालाही कळलं असतं.

घरी गेला तेव्हा बायको भाजी निवडत होती आणि त्याचे वडील, अण्णा, खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. बायकोनं एकदाच मान वर करून पाहिलं.

"काय रे, कोणाचं ठरलेलं लग्न मोडायला निघाल्यासारखा चेहरा करून आलायस."

"जवळपास तसंच आहे."

"मग सांग की."

"सांगता येत नाही."

"मला? मी कुठल्या पक्ष्याला जाऊन सांगणार आहे?"

अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं. "गुपित आहे का काही?"

"तसं नाही, अण्णा. कामाचं आहे."

"पेपरात येणार?"

"आलं तर बाईंचं येईल."

"आणि तुझं नाव?"

"शेवटी. आभारात."

"नाटक संपल्यावर दिवेवाल्याचं नाव घेतात तसं," अण्णा म्हणाले. "तोवर निम्मं थेटर उठून गेलेलं असतं." आणि ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

भांडी घासताना त्यानं बायकोला आडवळणानं विचारलं. नाव नाही, गाव नाही, नुसतं एक माणूस म्हणून.

"समज, एक माणूस चुकीच्या गाडीत चढतोय. तुला दिसतंय. सांगशील?"

"सांगेन की."

"पण त्यानं आधीच तुला बजावलंय, मी चुकीच्या गाडीत चढलो तरी सांगू नकोस म्हणून."

"शुद्धीवर असताना?"

"पूर्ण शुद्धीवर. त्यामागे कारणही आहे. चांगलं कारण आहे."

बायकोनं ताट पुसून फडताळात ठेवलं. "त्यानं बजावलं तेव्हा गाडी कुठं होती?"

"म्हणजे?"

"म्हणजे तेव्हा तो घरी बसून बोलला असेल. आता तो पायरीवर आहे. घरात बसलेल्या माणसाचं ऐकायचं की पायरीवरच्याचं, ते तूच ठरव. मला तुझ्या गाड्यांतलं काही कळत नाही." मग जरा थांबून तिनं विचारलं, "बाई आहेत ना?"

त्यानं पुढचं ताट घासायला घेतलं.

"बरं बरं. मी काही ऐकलं नाही," ती म्हणाली.

सकाळी तो संस्थेत गेला तो एक युक्ती डोक्यात धरूनच. नियमात एक फट होती. प्रोग्रॅममध्येच बिघाड निघाला, तर खेप अर्ध्यात मिटवण्याचा अधिकार प्रोग्रॅमरला होता. खेप मिटली की सगळेच पाहुणे उघडे पडणार. मग कोणी काही सांगितलं असं होत नाही, नियम मोडला असंही होत नाही, आणि बाईंना दुपारच्या आत कळतं. बिघाड तेवढा खोटा. रस्ताभर त्यानं ते वाक्य पाठ केलं. प्रोग्रॅममध्ये बिघाड आहे, खेप मिटवावी लागेल. प्रोग्रॅममध्ये बिघाड आहे, खेप मिटवावी लागेल. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्यानं त्याच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं, तेव्हा तो खोटंखोटं खोकला.

बाईंच्या खोलीत जमिनीवर दलदलीचा मोठा नकाशा पसरलेला होता. बाई चक्क चपला काढून नकाशावर गुडघे टेकून बसल्या होत्या आणि पेन्सिलीनं दक्षिण काठाला फुल्या मारत होत्या. टेबलापाशी रबराचे उंच बूट तयार ठेवलेले.

"ये. हे धर जरा, कोपरा सारखा वळतोय," बाई म्हणाल्या. "नावाडी दुपारी येतोय. आज सगळे खांब उपटून संध्याकाळच्या आत इकडे लावून झाले, तर उद्याची पहाट मिळेल आपल्याला."

तो कोपरा धरून खाली बसला.

"बाई, प्रोग्रॅममध्ये बिघाड आहे. खेप मिटवावी लागेल."

बाईंची पेन्सिल थांबली.

"कसला बिघाड?"

"आहे एक. तुकडे वेचताना होतोय."

"कधी लक्षात आला?"

"आज. म्हणजे काल. काल संध्याकाळी."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. नकाशाच्या कडेला पेन्सिल ठेवली, ती घरंगळून पूर्वेच्या ओढ्यात गेली, तिथून त्यांनी ती उचलून पुन्हा कडेला ठेवली.

"तुझ्याबरोबर मी इतकी वर्षं काम करतेय," त्या सावकाश म्हणाल्या. "तुझ्या प्रोग्रॅममध्ये बिघाड झाला की तू मला खुर्चीत बसवतोस आणि तासभर समजावून सांगतोस. मला कळत नसलं तरी सांगतोस. कागदावर बाण काढतोस. आज एका वाक्यात आटपलंस."

तो नकाशाचा कोपरा घट्ट धरून बसून राहिला, जणू तो सुटला तर सगळी दलदल गुंडाळली जाईल.

"बरं," बाई म्हणाल्या. बाहेर कोणीतरी पंखा दुरुस्त करत होतं, त्याची टकटक ऐकू येत होती. बाई टेबलाला धरून उठल्या, गुडघे झटकले, चपला घातल्या आणि फोन उचलला.

"हां, मी बोलतेय. आज नाव नको. नाही, उद्याही नको. खांब आहेत तिथंच राहू देत. तू नेहमीप्रमाणे कार्डं तेवढी आणून दे." फोन ठेवून त्या खिडकीशी गेल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "साहेबांना मीच सांगते. तुझं नाव मधे येणार नाही."

"बाई, माझं चुकलं. मी तो इतका…"

"इतका काय?"

"इतका चांगला बनवायला नको होता."

बाई वळल्या. त्यांचे डोळे ओले नव्हते, पण चेहरा एका दिवसात उतरून गेला होता. "वेड्यासारखं बोलू नकोस. तो चांगलाच बनवायला हवा होता. माझा कान फसला नाही. कानानं बरोबर ओळखलं, हा करवत्याचा आवाज. तो करवत्याचाच होता, माझ्या सरांनी मुद्रित केलेला. त्यापुढचं सगळं मी माझ्या मनानं जोडलं." त्या जरा थांबल्या. "आणि खरं सांगू? काल दिवसभरात मी तुझ्या दारावरून कितीदा गेले असेन. काही काम नव्हतं. विचारायचं तर नव्हतं, पण तू मान वर करून बघतोस का ते पाहत होते. तू प्रत्येक वेळी कीबोर्डवर वाकलास. त्यावरून मला कळायला हवं होतं. कळलंही असेल कदाचित. तरी मी बूट बाहेर काढून ठेवले."

"मग मी सांगितलं ते बरोबर केलं की चूक?"

"ते मला विचारू नकोस. मी तुला सांगू नकोस म्हटलं होतं आणि तू सांगितलंस. रेकॉर्डर जागच्या जागी राहिले, हे बरं झालं. खेप गेली, हे वाईट झालं. यात वजाबाकी करायला मला जमत नाही." मग एकदम कामाच्या आवाजात त्या म्हणाल्या, "अहवालात बिघाड लिहायचा नाही. ऐकणाऱ्याला पाहुण्याबद्दल आधीच कळलं, म्हणून खेप रद्द, असं लिही. जसं झालं तसं."

"लिहितो."

"आणि दुसरं. यापुढचे पाहुणे तू नाही घालायचे."

त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"रागावून म्हणत नाहीये. हवामान विभागात ती प्रोग्रॅमर मुलगी आहे ना, तिच्याशी मी बोलते. तू तिला रीत दाखवून दे, पण कुठं काय घालायचं ते तिचं तिनं ठरवायचं. तू सांगणारा माणूस निघालास, यंत्रोबा. चांगला माणूस आहेस, पण सांगणारा. मी पुन्हा कधी अशी उठून तुझ्या दारात उभी राहिले, तर आता तुझ्या तोंडाकडे बघेन. तू काही बोलला नाहीस, तरी त्या न बोलण्याचाही अर्थ लावत बसेन. मग माझ्या कानाला काय किंमत उरली?"

बरोबर होतं. शब्दन् शब्द बरोबर होता, आणि म्हणूनच त्याला तो सोसवेना. आपण या सगळ्यातून सुटलो, आता पोटात काही दडवून ठेवावं लागणार नाही, असं पहिल्या क्षणी त्याला हलकं वाटलं, आणि दुसऱ्या क्षणी त्या हलकेपणाची लाज वाटली.

साहेब दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. ज्यांना बोलावून ठेवलं होतं त्यांना काय सांगितलं, ते साहेबांनाच ठाऊक. हवामानवाली आली, डोळ्यांवरून केस मागे सारत तिनं सगळं समजून घेतलं, आणि त्याला नको ते प्रश्न विचारले नाहीत. जाताना म्हणाली, "सर, तुम्ही घालायचात तसे साधे घालू का?" मग स्वतःच जीभ चावून म्हणाली, "नको, नको. सांगू नका."

नवी खेप आली त्या सकाळी बाई त्याच्या खोलीत आल्या आणि हेडफोनांचा दुसरा जोड त्याच्या टेबलावर ठेवला.

"चल, ऐकायला."

"मी?"

"हा आवाज तुझ्याइतका उसवून दुसऱ्या कोणी पाहिलेला नाही. हंगाम संपायला थोडेच दिवस राहिलेत. दोन माणसं ऐकतील तर सगळं ऐकून होईल. आता तुलाही काही माहीत नाही, मलाही नाही. बरोबरीला आलो."

ऐकण्याच्या खोलीत तो काचेच्या या बाजूला पहिल्यांदाच बसला. बाई शेजारच्या खुर्चीत, डोळे मिटून, बोट कळीवर. त्यानंही डोळे मिटले. कानांत वारा आला, लव्हाळी घासली, कुठंसं पाणी डचमळलं. एक तुकडा, दुसरा तुकडा. बेडूक. लांब कुठंतरी इंजिन. पुन्हा बेडूक.

काही वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपला कान कंटाळत तर नाहीच, उलट कशावर विश्वासच ठेवत नाही. आवाज कसा बनवतात हे त्याला माहीत होतं, त्यामुळे त्याला प्रत्येक आवाज बनवलेला वाटू लागला. वारा जरा थांबला की वाटे, इथं कापलंय. बेडूक दोनदा सारखाच ओरडला की वाटे, इथं जोडलंय. बाईंनी इतकी वर्षं हे कसं सोसलं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. त्या स्वस्थ बसल्या होत्या. नुसती भुवई अधूनमधून हलत होती.

मग पूर्व काठाच्या एका तुकड्यात, वाऱ्याच्या मागे, लाकडावर काहीतरी एकदा ओढलं गेलं. मधे थोडी जागा. पुन्हा ओढलं गेलं.

त्यानं तुकडा मागे नेला. पुन्हा ऐकला. पुन्हा मागे नेला. दोन ओढींमधलं अंतर त्यानं मनातल्या मनात मोजलं. सरांच्या मुद्रणातल्या अंतराहून ते कमी होतं, पण हवामानवाली हुशार होती. तिनं ते कमी केलं असेल. आवाजाला कुठं शिवण दिसते का ते तो शोधत राहिला. दिसली नाही. पण त्यानं स्वतः बनवलेल्या पाहुण्यालाही शिवण नव्हती. पाहुणा म्हणावा तर पटत नव्हतं. खरा म्हणावा तर तसं म्हणण्याचा धीर होत नव्हता. एक क्षण त्याला वाटलं की उठावं, बोळ ओलांडावा आणि हवामान विभागाच्या दारात उभं राहून नुसतं पाणी मागावं.

खुर्ची मागे सरकवायला त्यानं पाय जमिनीवर टेकवले. शेजारी बाई ऐकत होत्या. त्यांच्यापुढे वेगळा तुकडा होता. त्याच्या कानांत काय वाजतंय याची त्यांना कल्पना नव्हती, आणि ती असायलाही नको होती.

त्यानं पाय पुन्हा खुर्चीखाली घेतले, कळ दाबून खूण केली आणि पुढचा तुकडा लावला.